विजेची जादा वाट

४ मार्च, सोमवार

लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना पुन्हा तेच. बटण दाबल्यासारखी धडधड सुरू! तोंडावर पाणी मारायला नळाकडे निघाले — आणि पडले. मालकीणबाईंनी समोरच्याच हॉस्पिटलात नेलं. ईसीजी काढला तेव्हा ठोके मिनिटाला दोनशे दहा. नऊ वर्षं मला छळतेय, आज पहिल्यांदा यंत्राच्या तावडीत सापडली. एरवी मी दवाखान्यात पोचेपर्यंत ही गायब.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, "हे मनाचं नाही हो, बाई. तुमच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट आहे. ठोका तिथून उलटा फिरतो, गोल गोल. तेवढी वाट जाळून टाकायची. मांडीच्या शिरेतून तार घालून."

"मग मनाच्या गोळ्या?"

"त्या कुणी दिल्या?"

काय सांगू? सगळ्यांनीच.

खरं तर रडू यायला हवं होतं. घरी येऊन भांडी घासली.

८ मार्च

ताईचा फोन. "सुटलीस गं बाई एकदाची!"

सुटले? याच धडधडीपायी नवरा म्हणाला होता, हिचं डोकं ठिकाणावर नाही, पोरगी हिच्याकडे नको. ताईनेही मान डोलावली. मीही पोरीच्या ताब्याच्या कागदांवर सही करून मोकळी झाले — मलाही तेव्हा तसंच वाटायचं ना. पोरगी सहा वर्षांची होती. आता चौदाची आहे. सुट्टीत चार दिवस येते, पाहुणीसारखी. बॅगेतले कपडे बॅगेतच ठेवते.

लिहिताना काही होत नाहीये. दुसऱ्याच कुणा बाईचं लिहितेय जणू.

१९ मार्च

झालं. जागीच होते. डॉक्टर म्हणाले, "आता मुद्दाम धडधड आणतो हं, घाबरू नका." आणली! मग छातीत जरा गरम लागलं. मग ते पुन्हा आणायला गेले तर येईचना. "गेली!"

नऊ वर्षं. जाळायला मिनिटभर.

नर्स म्हणाली, "आनंद नाही झाला?"

म्हटलं, झाला असेल.

२० मार्च

मांडी ठणकतेय. बाकी शांत.

२४ मार्च, रविवार

पोरीला फोन केला. सगळं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली — "आई, मलाही होतं तसं. खेळाच्या तासाला. बाबांना बोलले नाही. म्हणतील, आईवर गेली."

सकाळच्या पहिल्या गाडीने निघतेय. तिला घेऊनच येणार.