टोपीला शिवलेली वेणी

३ मार्च १९१०
येणार! वॉशिंग्टनच्या आमच्या वकिलातीतून निरीक्षक बियानसाहेब आमच्या चिनी विद्यार्थी क्लबात येणार. सांगताना शेंगची बोबडी वळली — आमचा अध्यक्ष, सुजौचा, एरवी काय तो रुबाब! बैठक नेहमीप्रमाणे इंग्रजीत. मोक कँटनचा, त्याची बोली आम्हाला ओ की ठो कळत नाही, आमची त्याला नाही. म्हणून चिनी क्लबाचा कारभार इंग्रजीत!

साहेब म्हणे वेण्या बघणार. प्रत्येक पुरुषाने वेणी राखायची, हा आमच्या बादशहाचा हुकूमच! कापलेली सापडली की सरकारी शिष्यवृत्ती बंद, पहिल्या बोटीने घरी.

शाओकांगदादा माझ्याकडे बघेना. मामेभाऊ माझा. त्याची वेणी उन्हाळ्यापासून माझ्या ट्रंकेत आहे.

५ मार्च
वेणी दादाच्या टोपीला आतून शिवली. मान हलव म्हटलं. हलवली. टिकली!

"वडीलधाऱ्यांपुढे टोपी काढायची नसतेच," दादा म्हणाला. "आपला रिवाजच वाचवणार बघ मला."

ओठ मात्र पांढरेफटक. पूल बांधायचं शिक्षण, एकच वर्ष उरलंय. असा परत गेला तर मामा घरात घेणार नाही. मला फार भीती वाटते.

८ मार्च
आता एकच चाळा — कोणाची खरी, कोणाची खोटी? कोणी कोणाला सांगत नाही. विषाची परीक्षा कोण घेईल! मोक मान फार जपून वळवतो. शेंगची मात्र शंभर टक्के खरी. रोज तेल लावतो मेला! आज जिन्यात ओढूनच बघणार होते. धीर झाला नाही.

९ मार्च
करंज्यांच्या सारणाला कोबी मिळाला. आलं कुठेच मिळालं नाही.

१२ मार्च
हसू आवरत नाही. काय करू?

साहेब आले. हडकुळे, खोकणारे, आवाज मऊ. सगळे टोप्या घालून ओळीत बसलेले. मी उकडलेल्या करंज्या वाढत होते. सगळं सुरळीत! इतक्यात दार उघडलं आणि दादाच्या प्रोफेसरांची अमेरिकन बायको, आमच्या प्रोफेसरीणबाई, हातात केक घेऊन आत.

आणि आमची पोरं! तीन वर्षं अमेरिकेत घोकलंय — बाई आली की उठा, टोपी काढा. सगळे ताडकन उठले. काढल्या टोप्या! दादाची वेणी टोपीबरोबर. मोकचीही. आणि शेंगची — तेलासकट!

"अगबाई, किती सभ्य मुलं!" बाई म्हणाल्या.

मी फस्सकन हसले. साहेब एकेका डोक्याकडे बघत होते. सावकाश.

"पोरी, व्हिनेगर आण जरा," ते म्हणाले. "आणि माझा चष्मा कुठे राहिला कोण जाणे. काही म्हणजे काही दिसत नाही."

चष्मा नाकावरच होता.

३० मार्च
वॉशिंग्टनहून काही नाही. दादा पोटभर जेवला.

२ मे
दादाची शिष्यवृत्ती आली. सगळ्यांची आली.

परत बोलावलंय ते बियानसाहेबांना. त्या दिवशी काय झालं ते कोणीतरी थेट पेकिंगला कळवलं. सरकारने वेण्या कापलेल्यांची नावं विचारली, साहेबांनी एकही सांगितलं नाही.

प्रोफेसरीणबाई काही पेकिंगला लिहीत नाहीत. म्हणजे आमच्यातलाच. माझ्या हातच्या करंज्या खाल्लेला.

उद्या क्लबाची बैठक आहे.