आईच्या मागची भिंत

चाचा,

आज दुपारी अण्णा दुकानात आले होते. तुम्ही गेल्यापासून ते कधी ही पायरी चढले नव्हते. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलता येण्यासारखं नाही, म्हणून शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. दुकान अजून तिथंच आहे. समोरच्या दाळमिलच्या जागी आता तीन मजली क्लास झालाय. जूनमध्ये शिरूर अनंतपाळची, लोह्याची, पार नांदेडकडची पोरं आईबापाला घेऊन येतात आणि सगळ्यांना पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो हवा असतो. घरी निळ्या भिंतीपुढं किंवा लग्नाच्या पडद्यापुढं काढलेला फोटो मोबाईलवर दाखवतात आणि म्हणतात, ताई, हाच पांढरा करून द्या, ह्यात पोरगं बरं दिसतंय. मी करून देते. दिवसभर माणसांच्या मागचं काढून टाकायचं, हाच माझा धंदा झालाय.

मी पहिल्यांदा तुमच्याकडं आले तेव्हा सात वर्षांची होते. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला, त्यात आमचं गाव गेलं, आई गेली. मी लातुरात आत्याकडं गणपती बघायला आले होते आणि अण्णा शेतातल्या आखाड्यावर, झोपडीत झोपले होते, म्हणून आम्ही बापलेक तेवढे राहिलो. आईचा एकही फोटो उरला नव्हता. मग आत्याला आठवलं की तिच्या लग्नात, आदल्या उन्हाळ्यात, वराकडच्यांनी लातूरचा फोटोवाला आणला होता. तो फोटोवाला म्हणजे तुम्ही. तुम्ही निगेटिव्ह टाकून देत नव्हता हे आमचं नशीब. अण्णा मला घेऊन आले तेव्हा बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच चार-पाच माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात कुठल्यातरी लग्नाचा, बारशाचा फोटो, आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून ते सांगत होते, एवढाच काढून द्या. कुणी रडत नव्हतं. एक म्हातारा तर आपल्या मुलाच्या मिशांबद्दल बोलत होता, मागच्या वर्षीच ठेवल्या होत्या म्हणून.

तुम्ही डबे उचकून आमची निगेटिव्ह शोधलीत, उजेडात धरलीत, अण्णांना दाखवलीत. अण्णा म्हणाले, "हिचा एकटीचा मोठा करा. अन् मागची ती भिंत नको." तुम्ही विचारलंत, मग मागं कसला रंग ठेवू? अण्णांना सांगता येईना. तुम्ही मला बिस्किटाचा पुडा देऊन बाहेर बाकावर बसवलंत आणि दार लोटून घेतलंत. मला वाटलं रंग ठरवायला इतका वेळ लागतोय. दोघं बाहेर आलात तेव्हा अण्णांचे डोळे लाल होते आणि रंग आकाशी ठरला होता.

तो फोटो घरात आला. दाळमिलीत हमाली करणाऱ्या अण्णांच्या एका खोलीत, देवाच्या फळीशेजारी, हार घातलेली आई आणि तिच्या मागं सगळीकडं आकाश. तिचा पदर एका बाजूला ओढल्यासारखा दिसायचा. मला वाटायचं वारा सुटलाय. आई उंचावर कुठंतरी, वाऱ्यात उभी आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. शाळेत आईवर निबंध लिहायचा आला तेव्हा मी वाऱ्याबद्दल लिहिलं.

बारावीनंतर आत्यानंच मला तुमच्याकडं आणून सोडलं. तुम्ही नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्याकडं पाहुण्यासारखं बघत होता. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावरचं फडकं काढायचं, गेलं की परत टाकायचं. फोटोचं सॉफ्टवेअर मी शिकून आले. मागच्या रंगावर एक टिचकी मारली की तो सगळा रंग एकदम पकडला जायचा, दुसरी मारली की गायब. मला फार भारी वाटायचं. मग ती एक दुपार. लोह्याहून एक पोरगी आली होती, कुरळ्या केसांची, सोबत आई. मी तिच्या मागचा हिरवा पडदा उडवला, कडेचे भुरभुरे केस हिरवट दिसत होते म्हणून तेही उडवले आणि डोक्याची कड पातेल्यासारखी गुळगुळीत करून दिली. फोटो हातात घेऊन तिची आई नुसती बघत राहिली. म्हणाली, "चांगलाय. पण ही आमची वाटत न्हाई." तुम्ही आतून उठून आलात. माझ्याशी इतक्या कडक आवाजात तुम्ही तेव्हाच बोललात. "काय करायलीस तू? मागचं काढायला सांगितलं, माणूस का कापायलीस?" गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून मला राग आला होता. पण त्या दोघी परत जाईपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी स्टुलावर बसलात आणि स्क्रीनवर फोटो मोठा करून एकेक केस पुन्हा धरायला लावलात. काम झाल्यावर चहा मागवलात आणि सांगितलंत की भूकंपानंतरच्या दिवसांत तुम्ही असंच ब्लेडनं कापायचात, माणूस निळ्या कागदावर चिकटवायचात, कडांना ब्रश लावायचात आणि त्याचा परत फोटो काढायचात. "तुझ्या मशीनला मागं जाता येतंय," तुम्ही म्हणालात. "माझं ब्लेड एकदा फिरलं की फिरलं. हात धुऊन बसायचो बेटी, मयताला आंघोळ घालायला बसावं तसं." आपण दोघंही बाहेर रिक्षांकडं बघत चहा प्यायलो.

तुमची तब्येत बिघडली आणि लेकीनं तुम्हाला नांदेडला नेलं, तेव्हा मी एसटीनं भेटायला आले होते. लेकीच्या घरच्या गच्चीत तुम्ही खाटेवर बसला होता. हात इतके बारीक झाले होते की कॅमेरा पेलला नसता. चाची आमच्यासाठी काही करायला आत गेल्या आणि तुम्ही उशीखालून बटर पेपरची छोटी पुडी काढून माझ्या हातात दिलीत. आत निगेटिव्ह होती. "तुझ्या आत्याच्या लग्नातली हाय. घाई नको करू. तुला पाहिजे वाटेल तव्हा बघ." मी विचारलं, काय आहे यात? तुम्ही म्हणालात, "तुमचं घर." पुढं काही सांगितलं नाही, आणि मीही खोदलं नाही. मला वाटलं होतं अजून एकदा येणं होईल. ते झालं नाही. तुमच्या मातीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि मी बाई म्हणून बाहेरच थांबले.

ती पुडी मी किती वर्षं तशीच ठेवली. घरी आकाशी फोटो होता, तो पुरे वाटायचा. मग मागच्या महिन्यात माझी लेक त्या फोटोपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आजी कुठं उभी आहे?" मी म्हटलं, फोटोत. ती म्हणाली, "पण कुठं?" दुसऱ्या दिवशी मी निगेटिव्ह स्कॅन केली. आधी नुसती धूळ आणि ओरखडे. मग हळूहळू आमची भिंत वर आली. काळ्या दगडांची, मातीनं लिंपलेली, मध्ये दिव्याची देवळी, तिच्यावर काजळीचा डाग, खुंटीला अण्णांचा टॉवेल. आई त्या भिंतीला पाठ लावून उभी होती, थोडी लाजत. आणि तिच्या पदराला एक लहान मूठ धरून होती. खाली बघितलं तर मी. परकराची चिमुरडी, तोंड वाकडं केलेली, पदर ओढून आईला फोटोतून बाहेर काढायला बघणारी. वारा नव्हताच, चाचा. तुम्ही माझी मूठ निळ्या रंगानं झाकली होती. असं का केलंत हे मला विचारावं लागलं नाही, बाकावरच्या लोकांना तुम्ही समजावून सांगायचात ते आठवलं. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवत नाहीत. मी तिथंच बसून रडले. क्लासची पोरं काउंटरवर थांबली होती, त्यांना सांगितलं की लाईट गेलीय.

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की मी त्या भिंतीवरची धूळ साफ करत बसते. आज अण्णा एसटीच्या पासासाठी फोटो काढायला आले तेव्हा तेच चाललं होतं. मला स्क्रीन झाकायला वेळ मिळाला नाही. ते काठी टेकून माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"हे कुठलं?"

"चाचांनी दिली होती. नांदेडला."

"ठिवली म्हणायची त्यांनी." मग आईकडं न बघता त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. "तुझ्या आत्याच्या लग्नाआधी मीच उचलली व्हती ही. खदानीतनं दगड मीच आणले. तुझी आई म्हणायची, पत्रं टाकू, हलकं राहील. मी म्हणलो, पत्र्याच्या घरात बहिणीचं लगीन लावू का?"

मी म्हटलं, "अण्णा, सगळ्या गावाच्या भिंती पडल्या."

"पडल्या की. ही मी बांधली व्हती."

इतक्या वर्षांत हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. आत्यालाही माहीत नसावं. मी विचारलं, कधी कुणाला सांगितलंत? ते म्हणाले, "फोटोवाल्याला. तू बाहेर बिस्किट खायलालीस तव्हा."

"मग काय म्हणाले चाचा?"

"काय म्हणतील? निगेटिव्ह परत उजेडात धरली, अन् म्हणले, फोटो तुम्ही न्या, भिंत माझ्याजवळ राहू द्या."

चाचा, मी तुमच्याजवळ इतकी वर्षं बसून काम केलं आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाईट वाटलं असं नाही. मी फक्त हिशेब लावत बसले की अण्णा डबा द्यायला यायचे आणि दारातूनच परत जायचे, तेव्हा तुम्ही हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत का चालत जायचात. मला वाटायचं तुम्हाला बिडी ओढायची असते.

हे कुठं पाठवायचं ते मला कळत नाही. नांदेडच्या कबरस्तानात बायका जात नाहीत, आणि तुमच्या लेकीला हे वाचायला देणं बरं दिसणार नाही. ड्रॉवरमध्येच राहील. एक गोष्ट मात्र सांगून टाकते. जाताना अण्णा म्हणाले, "पुसून टाक ती." मी त्यांच्यासमोरच भिंतीवर आकाशी रंग ओतला, भिंत गेली, मूठही गेली, आई पूर्वीसारखी झाली. त्यांनी विचारलं, "गेली?" मी म्हटलं, गेली. ते शांतपणे पास काढायला स्टँडवर गेले. पण ह्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर ठेवता येतात. मी निळा थर नुसता वर टाकला होता. भिंत खाली तशीच आहे, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नाही.