गच्चीवरचा गंज

तीर्थरूप मामांना,

गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर वाचाल अशा बेताने केलेला शिरसाष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम. (पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मलाही रंगाचे भाव सांगता.)

फेलोशिप म्हणजे नक्की काय, असं तुम्ही विचारलंत. सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं आणि कुणी ‘नोकरी पक्की का?’ म्हणून विचारलं की खोकायचं. दरवर्षी एक समिती येते, काम बघते आणि मुदत वाढवते, नाहीतर हातात नारळ देते. तसं झालंच तर तुमच्या दुकानात गल्ल्याशेजारी माझ्यासाठी स्टूल तयार आहे, हे आई मला अधूनमधून ऐकवत असते. तुमची माया कळते, पण मला ते स्टूल नको आहे, हे स्पष्टच लिहितो.

माझं काम लोखंड कसं गंजतं ते बघण्याचं. प्रयोगशाळेच्या गच्चीवर लोखंडी पट्ट्या उन्हापावसात मांडल्या होत्या आणि मी त्यांचा गंज मोजत होतो. (याचे पैसे मिळतात यावर मामींचा अजून विश्वास नाही.) पट्ट्या छान गंजत होत्या. एखादीचे पापुद्रे सुटले की मी आमच्या मार्गदर्शकांना वर बोलावून दाखवायचो आणि तेही कौतुकाने मान डोलवायचे.

समिती येणार म्हणून मोठ्या साहेबांनी गच्ची नीटनेटकी करण्याचा हुकूम सोडला. मी खाली समितीसाठी तक्ते छापत होतो. वर आलो तर रंगारी डब्याचं झाकण लावत होता. कठडा निळा, टाकीचा जिना निळा, माझ्या पट्ट्या निळ्या. “पार वाट लागली होती हो यांची,” तो म्हणाला, “चांगल्या घासून काढल्या आणि दोन हात मारले.” घासून, मामा! मी मटकन खाली बसणार होतो, पण सगळं ओलं होतं. मार्गदर्शक आले आणि रंग कोणत्या कंपनीचा ते विचारून गेले. रंगाऱ्याला काय बोलणार? बिचाऱ्याने काम चोख केलं होतं.

समिती पुढच्या महिन्यात येते. बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा

ता. क. दुकानामागचं तुमचं लोखंडी फाटक. रंगाचा धंदा असून तुम्ही ते बसवल्यापासून एकदाही रंगवलं नाहीत, यावरून मी तुम्हाला लहानपणापासून चिडवलं, ते सगळे शब्द मागे घेतो. झाला प्रकार मी समितीला सांगणारच आहे, पण पुढचं काम दाखवायला काहीतरी हवं. मार्गदर्शक म्हणतात, कधीपासूनचा ते ठाऊक असलेला इतका जुना गंज शोधून मिळत नाही. तेवढं फाटक उतरवून पाठवा. मामींना पुसू देऊ नका. मामा, माझं सगळं त्यावर आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवतानाच आईचा फोन आला. पट्ट्यांची बातमी तिने तुम्हाला आधीच पोचवली होती म्हणे, आणि भाचा आता दुकानात बसायला येणार म्हणून काल तुम्ही स्वतः ब्रश घेऊन फाटक रंगवलंत. आधी घासलंतही. मला हसू आलं, मग भरूनही आलं. तर, स्टुलाचे पाय लोखंडी आहेत का ते कळवा. असतील तर त्यांना हात लावू नका.