त्याला विचारा आणि थांबा

मी, असिमिना, तंबाखूचे शेतकरी थानासिस यांची मुलगी आणि पिंपे बनवणारे कारागीर स्तेरिओस यांची पत्नी, वय बत्तीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार पेत्रोव्रिसी, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "शांत चित्ताने" असे शब्द होते. ते मी गाळले आहेत. कायद्याच्या कागदावर खोटे लिहू नये.

असा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने लिहिला की पुरतो, साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणाले. तरीही मी तीन साक्षीदार बोलावले आहेत. "तसे कुणी पाहिले नाही" हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत पुरेसे ऐकले आहे.

मला आजार नाही. पण तीस जानेवारीला, दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आलेल्या स्तेरिओसला व्यायामासाठी, त्याच्या शब्दांत शाळेला, खाली शहरात नेताना, खिंडीतल्या वळणावर आमची गाडी बर्फावरून घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. स्तेरिओसने दरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "शाळा... बुडली." मला आधी हसू आले आणि मग रडू फुटले. मी गेले असते आणि तो वाचला असता, तर या माणसाला सगळे कळते हे सांगायला कोण उरले असते? येत्या मे महिन्यात न्यायालय नेमके हेच ठरवणार आहे. स्तेरिओसला काही कळत नाही, सबब त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी आपल्याला नेमावे, असा अर्ज त्याचा धाकटा भाऊ झिसिस याने केला आहे. तेव्हा मी नसले, तर हा कागद तिथे उभा राहावा.

१. पेत्रोव्रिसीतील घरातला माझा अर्धा हिस्सा मी पती स्तेरिओस याला देते. माझ्या वडिलांचा कायद्याने काही हिस्सा निघत असेल, तर तो आपण घेणार नाही, असे त्यांनी मला फोनवर ओरडून सांगितले आहे. घराला अकरा पायऱ्या आहेत. स्तेरिओस त्या स्वतः चढतो. वेळ लागतो. त्याला कुणी उचलू नये, काखेत हात घालू नये, आणि "चला, चला, शाब्बास" असे तर मुळीच म्हणू नये. तो त्रेचाळीस वर्षांचा आहे.

२. माझी घडीची खुर्ची खालच्या शहरातल्या रुग्णालयाच्या त्या विभागाला द्यावी, जिथे तिच्यावर बसून मी सत्तेचाळीस दिवस काढले. ती पलंगाला साखळीने बांधावी आणि तिच्या पाठीवर "पेशंटच्या बायकोसाठी" असे लिहावे. माझ्या नवऱ्याला कुशीवर वळवायला, पुसायला, भरवायला मी तिथे होते, म्हणून तो विभाग चालला. मुख्य परिचारिका मला म्हणायची, "अहो ताई, जरा उशी सरकवून घ्या ना. आम्ही दोघी आणि पेशंट चाळीस. शिवाय नवरा तुमचाच आहे." तिच्यावर माझा राग नाही. दोघींना चाळीस माणसे वाहायला लावणाऱ्यांवर आहे.

डॉक्टरांवर मात्र आहे. ते पलंगापाशी यायचे आणि मला विचारायचे, "जेवतो का हा?"

मी म्हणायचे, "त्यालाच विचारा."

"बाई, मला अजून अकरा जण बघायचेत."

स्तेरिओस त्यांच्याकडे बघत असायचा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला असता. तो वेळ त्यांनी सत्तेचाळीस दिवसांत एकदाही दिला नाही.

३. झिसिसने अर्जाला जोडलेला रुग्णालयाचा कागद न्यायालयाने कसा वाचावा, ते इथे लिहिते. त्यावर म्हटले आहे: "संवाद साधत नाही. आकलन नाही. अर्थहीन ध्वनी काढतो."

स्तेरिओसचे लोक व्लाख आहेत. त्याच्या घरात व्लाख भाषा बोलतात, ती ग्रीक माणसाला कळत नाही. ग्रीक तो शाळेत शिकला. रुग्णालयात त्याला बारा चित्रे दाखवून नावे विचारली, ती ग्रीकमध्ये. तपासणाऱ्या मुलीने त्याच्या तोंडून जे जे निघाले ते प्रामाणिकपणे टिपून ठेवले होते, त्याबद्दल तिचे आभार. तो तक्ता पुढे मी मागून घेतला आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या मोजे विणत होत्या.

"घोडा," त्या म्हणाल्या. "हे दूध. ही बकरी. अगं, हे कुणी लिहिलंय? सगळं बरोबर आहे की!"

बारापैकी नऊ बरोबर होते. मेंदूला असा झटका बसला की एखाद्याची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची मागे राहते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. रुग्णालयाला ठाऊक असायला हवे होते. मी तो तक्ता घेऊन गेले, तर मला सांगण्यात आले की दुसऱ्या भाषेसाठी अर्जात रकाना नाही, आणि कागदावर सही होऊन गेली आहे. रकाना नव्हता, म्हणून माणूस नव्हता.

४. आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय वरचे कलम लिहायचा मला अधिकार नाही.

स्तेरिओसला दाखल केले त्या दिवशी सासूबाई सुल्ताना त्याच्या उशाशी बसून व्लाखमध्ये बोलायला लागल्या. मीच त्यांना थांबवले. "आई, इथे आपली गावची भाषा नको. त्याचा गोंधळ होईल. ग्रीकच बोला."

त्यांना ग्रीक जेमतेम येते. त्या म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकलेली."

आणि त्या गप्प बसल्या. एकोणीस दिवस. रोज पहाटेच्या बसने यायच्या, मुलाच्या पलंगाशी बसायच्या, विणायच्या आणि गप्प राहायच्या, कारण घरातल्या शिकलेल्या सुनेने तसे सांगितले होते. विसाव्या दिवशी पांघरूण घसरले आणि त्या विसरून बोलून गेल्या, "थंडी वाजतेय का रे बाळा?"

स्तेरिओस म्हणाला, "पाय."

तेवढाच शब्द, त्यांच्या भाषेत. मला तो कळलाही नाही. परिचारिका म्हणाली, "असे आवाज काढतात हो, मनावर घेऊ नका." सासूबाई मात्र माझ्यावर कडाडल्या, "पाय म्हणतोय तो! पाय उघडे पडलेत त्याचे. झाकायचे सोडून बघत काय बसलीस!"

डॉक्टरांनी त्याला सत्तेचाळीस दिवस ऐकले नाही. त्यांतले एकोणीस माझे आहेत. लग्नाला सहा वर्षे होऊनही मी नवऱ्याच्या आईची भाषा शिकले नव्हते. ती मागासलेली आहे असे मला वाटे. मुले झाली तर त्यांच्या कानावर ती पडू द्यायची नाही, असे मी ठरवूनही ठेवले होते. आता मी ती बोलते. चुका करते, सासूबाई हसतात. माझे चांदीचे कानातले सासूबाई सुल्ताना यांना द्यावेत. क्षमा मागायला कानातले पुरत नाहीत, हे मला माहीत आहे.

५. माझे पदवीचे प्रमाणपत्र वडिलांकडेच राहावे. त्यांनी ते घरी देवाच्या तसबिरींशेजारी टांगले आहे आणि खाली दिवाही लावतात. आमच्या घरात आधी कुणी शाळेच्या पुढे गेले नव्हते. मी पास झाले तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, आता तुला कुठल्या कचेरीत कुणी फसवणार नाही." बाबा, फसवले. पण तुम्ही शिकवलेत म्हणून कागद वाचून कळले तरी. पुस्तके शाळेला द्यावीत. त्यांत व्लाख शब्दांची माझी हस्तलिखित वही आहे, ती मुलांना हाताळू द्यावी, कपाटात कुलूपबंद करू नये.

६. बँकेत जे काही शिल्लक असेल ते स्तेरिओसच्या उपचारांसाठी वापरावे. व्यायामोपचार करणाऱ्या लाम्ब्रिनीबाईंकडचा व्यायाम बंद करू नये. रुग्णालयातून सोडल्यावर सरकारी पुनर्वसन केंद्रात जागा मिळायला आम्हाला सात महिने लागले. पहिले महिने सर्वांत मोलाचे, असे तिथल्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. ते सात महिने लाम्ब्रिनीबाईंनी वाचवले. त्या घरी आल्या, रबरी चेंडू पिशवीत परत ठेवला आणि स्तेरिओसला विचारले, "तुमचं काम काय?" मग त्याचा लुळा पडलेला उजवा हात डाव्यावर ओढणीने बांधला आणि त्याला पिंपाच्या फळ्या घासायला बसवले. पहिल्या दिवशी त्याने दोन फळ्या घासल्या आणि मला म्हणाला, "घाम." आम्ही तिघे हसलो.

७. त्याने आजारानंतर बनवलेली बादली माझी आहे, मला वाढदिवसाला मिळाली. ती एका बाजूने गळते. "बघा, गळतेय," असे झिसिसने आपल्या वकिलाला दाखवले होते. झिसिसने दोन्ही धड हातांनी बनवलेले एकमेव पिंपही गळले होते, हे साऱ्या गावाला माहीत आहे. बादली न्यायालयात पुरावा म्हणून ठेवावी आणि नंतर स्तेरिओसला परत करावी.

सासऱ्यांच्या हातचा वाकस, ज्याने फळ्या तासतात, तोही आता माझा आहे. उजव्या हातात तो धरता येईना, तेव्हा स्तेरिओसने तो माझ्या हातात दिला. हा वाकस लाम्ब्रिनीबाईंना द्यावा. <s>दीर झिसिस यांना त्याचा दांडासुद्धा मिळू नये.</s>

८. झिसिस यांना मी काहीही देत नाही. कारण लिहिते. गेल्या ऑक्टोबरात ते लारिसा शहराहून आले, आमच्या स्वयंपाकघरात बसून आईच्या हातची पालकाची पोळी खाल्ली आणि म्हणाले, "वहिनी, भावनेच्या भरात राहू नका. दादाचा पिंपांचा कारखाना विकत घ्यायला हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक आलंय. दादा आता कुंडीतलं झाड झालाय. पाणी घाला, उन्हात ठेवा, झालं."

सासूबाई म्हणाल्या, "झिसिस, तोंड आवर. तो ऐकतोय."

"ऐकतोय गं आई, पण कळतंय कुठे?"

स्तेरिओसने डाव्या हाताने ताट बाजूला सारले. त्यानंतर दोन दिवस तो कोणत्याच भाषेत बोलला नाही.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पती स्तेरिओस याने करावी. दुसऱ्या कुणाला नेमू नये. त्याच्यासंबंधी वा त्याच्या मालमत्तेसंबंधी काहीही करण्याआधी, मग तो कारखाना विकणे असो की खिडकी लावणे, त्याला विचारावे. समोर बसून विचारावे, हळू आवाजात, कारण तो बहिरा नाही. विचारून झाल्यावर थांबावे. त्याच्या तोंडात शब्द घालू नयेत, घड्याळ बघू नये. तो ग्रीकमध्ये उत्तर देईल किंवा व्लाखमध्ये. न कळल्यास कळणारा माणूस बोलवावा. आणि तो सांगेल तसेच करावे, ते आपल्याला पटो वा न पटो. हे कलम सर्वांना लागू आहे.

पुरवणी. वरील सर्व मजकूर मी रविवारी कारखान्यात स्तेरिओसला दोन्ही भाषांत वाचून दाखवला. दुपार त्यात गेली. सातव्या कलमाशी त्याने डावा हात वर केला. मी थांबले.

"वाकस," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "झिसिस."

"हो, झिसिसला नाही, असंच लिहिलंय."

"नाही. झिसिस... ला."

"डोकं फिरलंय का तुझं? कुंडीतलं झाड म्हणाला तो तुला!"

तो हसला. "झाड... सांगतंय."

मी रागाने कागद मिटला. त्याने तो पुन्हा उघडायला लावला आणि पुढचे सांगायला त्याला फार वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही. "बाबांनी... मला दिला. तो रडला. लहान होता." आणि मग, "मास्तरीण. लिही."

मला हे मान्य नाही. झिसिसने हा वाकस कमावलेला नाही. पण नववे कलम मीच लिहिले आहे आणि ते सर्वांना लागू आहे. म्हणून सातव्या कलमातले झिसिसविषयीचे वाक्य मी खोडले असून तिथे सही केली आहे. वाकस लाम्ब्रिनीबाईंना न देता दीर झिसिस यांना द्यावा. बाईंनी हसून संमती दिली आहे. देण्याआधी त्याला धार लावावी, हीही स्तेरिओसचीच सूचना.

आठवे कलम मी खोडलेले नाही. त्याने ते ऐकले, मान हलवली आणि तसेच राहू दिले. तेव्हा वाकस झिसिसला मिळतो तो स्तेरिओसच्या शब्दावर, माझ्या नव्हे. न्यायाधीश महोदयांना विनंती की, ऑक्टोबरपासून राग धरून बसलेली मी आणि तीन वाक्यांत मला माझा कागद बदलायला लावणारा तो, या दोघांपैकी कुणाला कळते, हे ठरवताना हे पान वाचावे.

पेत्रोव्रिसी, ११ फेब्रुवारी २०१९
असिमिना (सही)

साक्षीदार:
लाम्ब्रिनी, व्यायामोपचार करणाऱ्या (सही)
फानिस, पहाटेच्या बसचे चालक (सही)
सुल्ताना, सासू (नाव स्वतः लिहिले आहे, सुनेने शिकवले)

अंमलबजावणी स्तेरिओस याच्याकडेच असल्याने तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकील म्हणाले. मी त्याला विचारले आणि थांबले. त्याने पेन मागितले. खालची ओळ त्याच्या डाव्या हातची आहे.

ऐकलं. कळलं. स्तेरिओस