मी काही पाहिलं नाही

४ मार्च

आज आलं ते — गहू आठ किलो, साठ. रॉकेल दोन लिटर, सव्वीस (लढाई थांबल्यापासून पहिल्यांदा ओळीत उभं न राहता!). साबणाच्या दोन वड्या, नऊ. आणि चौकशीचं पथक — माणसं तीन, गाडी एक, फुकट.

"फुकटचंच महाग पडतं," हे म्हणाले.

पथक परदेशातून आलंय. लढाईत नदीच्या दोन्ही काठांनी काय काय केलं ते लिहून नेणार, जगापुढे मांडणार. वाचनालयात बसलेत. दहा दिवस आमच्या काठावर, दहा दिवस त्या काठावर. मोजून! सासूबाईंचा पारा चढला. "त्यांना काय विचारायचं? ज्यानं घर पेटवलं त्यालाच विचारायचं — बाबा रे, धूर लागला का?"

त्यांचं तरी काय चुकलं! २३ नोव्हेंबरला त्या काठावरून गोळा पडला तेव्हा वन्सं रॉकेलच्या ओळीत होत्या. सासूबाईंची एकुलती लेक. एकूण एकोणीस माणसं गेली. धाकट्या भाऊजींनी बहिणीला हातांनी विटा उपसून काढलं. नखं उलटली त्यांची.

देवा, त्यांना जवळ घे.

६ मार्च

पथकाच्या बाई आज घरी आल्या! आमच्या खिडकीतून बाजार दिसतो आणि समोरची गल्लीही, म्हणून बघायला. केस पिकलेले, पायात पुरुषी बूट, बोलणं हळू. बरोबर दुभाष्या. तो मुद्दाम लांबून आणलाय, दोन्हींपैकी कुठल्याच काठाचा नाही. भाषा पुस्तकातून शिकलेला. "आपण कृपया निःसंकोचपणे कथन करावे," म्हणाला. सासूबाई माझ्या कानात — "हा बोलतोय की पोथी वाचतोय?" मला हसू आवरेना.

चहा ठेवला, दुधाचा. घेतला नाही! बाईंनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली. "इथे घेतला तर तिथेही घ्यावा लागेल," दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "आणि तिथे कुणी विचारलंच नाही तर हिशेब चुकेल." दारी आलेला माणूस कोरडा जाणार म्हणून मला अपमान वाटला. दोन्ही कप परत भांड्यात ओतले. संध्याकाळी गरम करून मीच प्याले. दूध काय टाकून द्यायचं?

मग त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. समोर घड्याळजींचं दुकान. फळ्या लावलेल्या, पाटी अजून आहे. बराच वेळ पाहिलं. वळल्या, आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मनगटावरचं जुळवलं. "माझं चार मिनिटं मागे होतं."

मी घड्याळाकडे पाठ केली.

ते घड्याळ मी ऑक्टोबरात घड्याळजींकडे दुरुस्तीला टाकलं होतं. ते मूळचे त्या काठाचे, पण तीस वर्षं आमच्यासमोर. बायको मुलीला घेऊन माहेरी पलीकडे गेली आणि पूल तुटला. ती तिकडे अडकली, घड्याळजी इकडे. घड्याळ परत आलं ते २७ नोव्हेंबरला, भाऊजींच्या काखेतून. "वहिनी, हे तुमचंच ना?" चालू होतं. एक मिनिट चुकत नाही अजून.

८ मार्च

उद्या माझी साक्ष. हे सकाळपासून माझ्या मागे मागे. "ताईचं सांग. तेवढंच सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दुपारी भाऊजी जेवायला आले. दोनदा भात घेतला. हात धुताना म्हणाले, "वहिनी खोटं बोलत नाहीत, सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून म्हणतो, विचारतील तेवढंच." हसले. मीही हसले. सासूबाई म्हणाल्या, "तिला काय शिकवतोस? ती दूधवाल्यालासुद्धा जास्तीचं माप परत करते!"

९ मार्च

वाचनालय. पुस्तकांची कपाटं भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. तीन खुर्च्या, सगळ्या सारख्या. बाईंची जरा तरी मोठी असेल असं वाटलं होतं.

वन्संचं सांगितलं. मध्येच रडू आलं. बाई थांबल्या, पाणी पुढे केलं नाही, घाईही केली नाही. मी खर्चाची वही नेली होती. तारीख, वेळ, रॉकेलचे वन्संकडे दिलेले पैसे, सगळं टिपलेलं. बाईंनी मान हलवली. त्यांच्या कागदावर दोन रकाने. एकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात ऐकलेलं. "इतकं नेमकं कुणीच सांगितलं नाही," म्हणाल्या. मला बरं वाटलं! लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

मग पान उलटलं. त्याच आवाजात — "त्याच आठवड्यात, तुमच्या समोरच्या गल्लीतून काही माणसांना नेलं असं सांगतात. तुम्ही काही पाहिलंत?"

त्या चिडल्या असत्या, बोट दाखवलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पण नाही. वन्संबद्दल विचारलं तसंच, तितक्याच मायेनं.

वही माझ्या मांडीवर उघडीच होती. २७ नोव्हेंबरवर माझा अंगठा. घड्याळ परत आलं, दुरुस्तीचे पैसे बाकी.

"मी काही पाहिलं नाही."

"आपण काहीच अवलोकन केले नाही?" दुभाष्या.

"काही नाही."

बाईंनी लिहून घेतलं. डोळ्यांनी पाहिलेल्याच्या रकान्यात. त्याच शाईनं, तितक्याच सुबक अक्षरात.

पाहिलं मी. सकाळी सव्वासहा. पडदा चार बोटं बाजूला होता. अकरा माणसं, हात पाठीमागे बांधलेले, शाळेचा ट्रक. घड्याळजींच्या पायात एकच चप्पल. चालवायला भाऊजी. ट्रक खाणीच्या रस्त्याला लागला. तासाभरानं आला तो रिकामा.

आणि एवढंच नाही. पण ते दुसरं मी इथेही लिहिणार नाही.

१० मार्च

जप झाला नाही. माळ हातात धरून नुसती बसले.

१४ मार्च

पथक होडीनं पलीकडे गेलं. काठावर पोरंटोरं शिट्या मारत होती. "जा, त्यांचा चहा प्या!" कुणीतरी ओरडलं. बाईंच्या मांडीवर त्याच तीन खुर्च्यांपैकी एक, घडी करून. खुर्च्यासुद्धा त्याच नेतात!

२ मे

अहवाल आला. पेपरात दोन पानं. हे मोठ्यानं वाचत होते, सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

बाजारावरचा गोळा त्या काठाच्या तोफेचा, मुद्दाम टाकलेला. एकोणीस मृत. सिद्ध. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. त्या काठावरच्यांनीही आमच्यावर बरेच आरोप केलेत, त्यातले काही खरे ठरले, तेही लिहिलंय. आणि मग —

"घड्याळ गल्लीतील अकरा पुरुषांना नेल्याच्या आरोपाला या काठावर दुजोरा मिळाला नाही. गल्लीसमोर राहणाऱ्या, अन्य बाबतींत अत्यंत विश्वसनीय ठरलेल्या एका महिलेने आपण काही पाहिले नसल्याचे सांगितले. निष्कर्ष काढता येत नाही."

ह्यांनी पेपरची घडी घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी अख्खी आळी दारात. "आपण स्वच्छ!" "जगानं मान्य केलं!" मार्चमध्ये ज्या पथकाला आंधळे, विकलेले म्हणत होते तेच आज देवमाणसं. सासूबाई म्हणाल्या, "न्याय करावा तर असा."

अन्य बाबतींत अत्यंत विश्वसनीय. वन्संचं मी खरं सांगितलं, त्या खऱ्याच्या जोरावर माझं खोटं खपलं. त्यांचा तराजू सरळच होता हो. मीच पारड्याखाली बोट धरलं.

११ मे

मदतीच्या होडीनं टपाल आलं. त्या काठावरून माझ्या नावाचं पाकीट! अक्षर लगेच ओळखलं. घड्याळजींची बायको. दुकानाच्या पावत्या तीच लिहायची.

पत्र चार वेळा वाचलं. यातलं थोडं उतरवते, म्हणजे विसरले असं म्हणता येणार नाही.

"ताई, तुमच्या वन्सं गेल्याचं अहवालात वाचलं. फार वाईट वाटलं. मुलीच्या बारशाला त्यांनीच कुंची शिवली होती... पथक यायच्या आधीच बाईंना मी पत्रानं कळवलं होतं, समोरच्या ताईंना विचारा, त्या जन्मात खोटं बोलायच्या नाहीत. इथे सगळे म्हणत होते नेलं, मारलं. पण तुम्ही पाहिलं नाहीत म्हणजे नेलंच नसणार. तुमच्या खिडकीतून दिसल्याशिवाय आमच्या दारातून मांजरही जात नाही! म्हणजे ते आधीच कुठेतरी निसटले असतील. मी आता रडत नाही. मुलीला सांगितलंय, बाबा येतील. तुमचे उपकार फार झाले."

उपकार!

१२ मे

घड्याळाला किल्ली दिली नाही. दुपारी हे म्हणाले, "बंद पडलं वाटतं?" मी म्हटलं, "हो."

पुन्हा खोटं. आता जिभेला वळणच पडलं.

१५ मे

ह्यांना पत्र दाखवलं. वाचून पाकिटात परत घातलं. मी म्हटलं, पथकाला खरं कळवते.

"धाकट्याला धरतील."

"हो."

"ज्यानं ताईला हातांनी उकरून काढलं त्याला?"

"चार दिवसांनी त्याच हातांनी ट्रक चालवला."

हे उठले, दार लावलं. आवाज खाली. "आईचं एक मूल त्यांनी नेलं. दुसरं तू नेणार?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज — "काय गं, डाळ करपली का?" करपली होती.

नदीपलीकडे एक पोर दाराकडे बघत बसली असेल. तिला मी बसवलंय.

१७ मे

भाऊजी आले होते. ह्यांनी सांगितलं असावं. जेवले नाहीत. दारातच उभे, टोपी हातात. मला वाटलं दम देतील. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्हाला विचारायलाच नको होतं मी." एवढंच. खाली मान घालून गेले.

म्हणजे त्यांच्याही लक्षात आहे.

१८ मे

पत्र टाकलं. पोस्टात स्वतः जाऊन, पोचपावतीचं. नक्कल इथे ठेवते.

"पथकाच्या बाईंस —

९ मार्चला मी खोटं सांगितलं. २७ नोव्हेंबरला सकाळी सव्वासहाला अकरा माणसांना शाळेच्या ट्रकमध्ये घालताना मी पाहिलं. ट्रक माझे दीर चालवत होते. खाणीच्या रस्त्यानं गेला, रिकामा आला. हे पाहिलेल्याच्या रकान्यात घालावं.

एक गोष्ट तुमच्या दोन्ही रकान्यांत बसत नाही. घड्याळजी महिनाभर दुकानाच्या मागच्या खोलीत लपले होते. दुकानाला बाहेरून कुलूप. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण मागच्या दारानं ताट मी नेत असे. वन्सं गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दिरांनी मला विचारलं, 'वहिनी, तो आत आहे का?' मी म्हटलं, 'आहे.'

खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून म्हटलं, की वन्सं गेल्या होत्या म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही. दोन्ही लिहावं.

त्यांच्या बायकोला अजून काही कळवलेलं नाही. तिला तुम्ही सांगणार की मी सांगू, ते उलट टपाली कळवावं."