चहाच्या खोक्याचा बँड

प्रिय कादंबरी,

इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, तळ्यावरचा बर्फ एकदाचा विरघळायला लागलाय. खिडकीशी बसलं की सगळं दुधाळ, धूसर दिसतं आणि कुठूनतरी ठेका ऐकू येतोय असं वाटतं. तो माझ्याच बोटांत असतो. नकुल हसतो, म्हणतो, आई, यू आर टॅपिंग अगेन.

लायब्ररीत म्हाताऱ्यांचा एक ग्रुप गातो, हे तुला फोनवर म्हटलं होतं ना? हिवाळ्यात घरात बसून जीव उबगला होता, म्हणून एकदा तिथे गेले आणि आवाजाच्या मागोमाग आत शिरले. एक उंच इंग्रज गृहस्थ गिटार वाजवत होते, डेरेक. शेजारी एक बाई बोटांत शिवणाची अंगुस्तानं घालून कपडे घासायचा नालीदार पत्रा खरवडत होती. या संगीताला स्किफल म्हणतात.

डेरेक सांगतात, मूळ इथलंच, अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्त्यांमधलं. पन्नासच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांना त्याचं वेड लागलं. युद्धानंतरची ओढाताण, वाद्यं कुठून आणणार? मग आईचा कपड्यांचा पत्रा, आणि चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याला झाडूचा दांडा नि दोरी लावली की झाला खर्जातला बेस. डेरेकच्या खोक्यावर आसामचा शिक्का होता म्हणे. गिटारवर तीन कॉर्ड जमले की गल्लीत बँड तयार. त्यातल्याच कितीतरी पोरांनी पुढे इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या, तिकडचं रॉक अँड रोल उभं केलं, आणि ते समुद्र ओलांडून इकडे परत आलं. डेरेकही आले, पण इंजिनिअर होऊन. बायको गेल्यावर त्यांनी गिटार पुन्हा काढली.

पत्रा वाजवणारी बाई मुलीकडे राहायला गेली आणि अंगुस्तानं माझ्याकडे आली. बाबा गेल्यापासून मी साधं गुणगुणलेही नव्हते, तुला ठाऊक आहे. आधी हात लाजले. मग केरव्यासारखं काहीतरी आपसूक निघालं, आणि डेरेक गाता गाता वळून माझ्याकडे बघायला लागले.

गेल्या शनिवारी आमचा कार्यक्रम झाला. ऐन गाण्यात डेरेक शब्द विसरले. ब्याऐंशीचे आहेत गं. बाकीचे थांबले, त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी थांबले नाही. त्यांच्याकडे बघत ठेका धरून राहिले, घाई नाही असं मानेनंच सांगत. हळूहळू त्यांना ओळ सापडली. नंतर पार्किंगमध्ये त्यांनी विचारलं, शैलजा, उरलेले दिवस एका घरात काढू या का? मी तिथल्या बाकावर बसले आणि खूप रडले.

दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. जूनमध्ये आम्ही कोर्टात लग्न करतोय. बाबांची जागा बाबांचीच आहे, ती मी कुणाला दिलेली नाही. नकुल ऐकून आधी उठून खोलीत निघून गेला, पण काल मला डेरेककडे सोडायला आला तेव्हा गाडीतून उतरून त्यांच्याशी हात मिळवला. तुला मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू लगेच काहीतरी बोलून गेली असतीस, आणि ते वाक्य आपल्या दोघींमध्ये कायमचं राहिलं असतं. म्हणून लिहिलं. रागव, रड, काय हवं ते कर. शांत झालीस की फोन कर. तेव्हा जे म्हणशील ते मी ऐकून घेईन.

तुझीच,
आई