थाळी, रंग आणि माझे मनगट

सोमवार, ८ मार्च १९५४. सॅन होजे.
हॅलोरनसाहेबांचे निर्वाणीचे बोल. शुक्रवारी कंपनीच्या न्यूयॉर्क कचेरीची मंडळी येणार. फिरत्या थाळीवर चुंबकाने माहिती साठवून वाचून दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला टाळे आणि तुम्ही सगळे पुन्हा भोकांच्या कार्डांची यंत्रे दुरुस्त करायला. थाळीवर लोखंडी भुकटीचा तांबडा रंग मीच ओततो. वाचणारी सुई रंगाच्या केसभर वर तरंगते. रंगात गुठळी असली की खर्रर्र! आजवरच्या सगळ्या थाळ्या गेल्या. दोष रंगाचा.

मंगळवार, ९ मार्च.
पुन्हा गुठळ्या. दोष हवेचा. शेजारच्या टेबलावरचा ब्रँडोलिनी म्हणतो, अरे बाबा वेंडेल, रंग गाळून तरी घे! आपल्या बायकोचा जुना नायलॉनचा पायमोजा घेऊन आला होता. म्हटले, ही प्रयोगशाळा आहे, धोबीघाट नव्हे.

बुधवार, १० मार्च.
निव्वळ त्याचे मन राखायला रंग मोज्यातून गाळला. थाळी आरशासारखी! ओतताना मनगट काय सुंदर वळले. श्रेय मोज्याला देणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा.
संध्याकाळी बायकोला, लॉइसला, मनगटाची करामत सांगितली. म्हणाली, मग रोज कॉफी टेबलावर कशी रे सांडते? तिला विज्ञानात गती नाही.

गुरुवार, ११ मार्च.
उद्या बुधवारचीच थाळी लाव हं, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, असे ब्रँडोलिनीने जाताना बजावले. तो गेल्यावर नव्या थाळीवर रंग ओतला. मोज्याशिवाय. उद्या बाईच्या मोज्याचा विजय होता कामा नये.

शुक्रवार, १२ मार्च.
माझी थाळी फिरू लागली. माझे तळहात ओले. उकाडा होता.
खर्रर्र!
तांबडी धूळ न्यूयॉर्कच्या पांढऱ्या शर्टांवर. हॅलोरनसाहेब पांढरेफटक. ब्रँडोलिनीने बुधवारची थाळी चढवली. अक्षर न् अक्षर वाचले गेले. टाळ्या. प्रयोगशाळा वाचली. माझ्यामुळेच म्हणायचे. वाईट थाळी आधी दिसली म्हणून तर चांगलीची किंमत कळली.
साहेबांनी बाजूला घेऊन विचारले, मोजा का नाही वापरलास? म्हटले, मनगट. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कौतुक असावे.

सोमवार, १५ मार्च.
बदली झाली. खरेदी विभाग. बढतीच ती. यापुढे रंगाला हात लावायचा नाही, ही साहेबांची सक्त ताकीद. पहिलेच काम: रंग गाळायला नायलॉनचे मोजे आणणे.
बायकांच्या कपड्यांच्या काउंटरवर उभा राहिलो. विक्रेतीने विचारले, मिसेससाठी का? म्हटले, यंत्रासाठी. ती म्हणाली, हो हो, सगळे असेच काहीतरी सांगतात. आणि माप?
माप मला ठाऊक नव्हते. दुकानाच्या फोनवरून ब्रँडोलिनीला विचारावे लागले. त्याने बायकोचे माप सावकाश, दोनदा सांगितले. अजिबात हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.